फास्टॅगचा वार्षिक पास : पुणे–कराड २४ चकरा मारल्यावर लिहितेय

आईच्या खुब्याचं ऑपरेशन जुलैत झालं, तेव्हापासून दर शनिवारी पहाटे पाचला वारज्याहून निघायचं, कराडच्या पुढं आमच्या गावी पोचायचं आणि रविवारी संध्याकाळी तिचं जेवण-औषध आटोपून परत यायचं, असं चाललंय. ऑगस्टच्या शेवटी फास्टॅगचा वार्षिक पास घेतला. काल रात्री गाडी लावली आणि ॲपमध्ये बघितलं तर २०० पैकी १४४ ट्रिप वापरून झाल्यात, म्हणजे बरोबर २४ चकरा. आता लिहिण्याइतका अनुभव झालाय. ऑफिसात, सोसायटीत बरेच जण विचारतात की घेऊ का नको, म्हणून पासाबद्दल आधी सांगते. पण मला जे खरं बोलायचंय ते पासाच्या पुढचं आहे, टोल भरल्यावर जो रस्ता मिळतो त्याचं.

आधी हिशोब. पास ३००० रुपयांना घेतला, २०० ट्रिप किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. १५ ऑगस्ट २०२५ ला ही सोय सुरू झाली. तेव्हाच्या दरानं एका ट्रिपला १५ रुपये पडले. आमच्या वाटेवर खेड शिवापूर, आनेवाडी आणि तासवडे असे तीन नाके लागतात, जाता-येता सहा, आणि इथं प्रत्येक वेळी गेट ओलांडलं की एक ट्रिप धरतात, जाऊन-येऊन मिळून एक असं नाही, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि मग दोन महिन्यांनी ट्रिप एवढ्या कमी कशा झाल्या म्हणून घाबरतात. म्हणजे आमची एक चक्कर सहा ट्रिपची, ९० रुपयांची. आधी साध्या टॅगवर एका चकरेला चारशेच्या वर जायचे, ते सुद्धा २४ तासांत परत आलो तर जी सवलत मिळते ती धरून, आणि आमची तर रविवारी परत निघेपर्यंत २४ तासांची मुदत बहुतेक वेळा टळायचीच. त्यामुळं दर आठवड्याला जाणाऱ्याला पास घेण्यात फायदाच आहे, डोळे मिटून घ्या. वर्षातनं गणपती आणि दिवाळी अशा दोनच फेऱ्या होत असतील तर गरज नाही, उगाच पैसे अडकतील, कारण ते परत मिळत नाहीत.

दोन गोष्टी मात्र आधीच लक्षात ठेवा. हा पास राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय एक्सप्रेसवेच्याच नाक्यांवर चालतो. मुंबई–पुणे एक्सप्रेसवे हा राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा आहे, तिथं पास चालत नाही, नेहमीसारखे टॅगमधले पैसे कटतात, त्यामुळं पास आहे म्हणून टॅग रिकामा ठेवू नका. माझ्या धाकट्या दिराचं हेच झालं, तो पास घेऊन खुशीत मुंबईला निघाला आणि टॅगमध्ये होते शंभर रुपये. दुसरं, पास फक्त खासगी कार, जीप, व्हॅनला आहे, पिवळ्या पाटीच्या गाडीला नाही, आणि एका गाडीचा पास दुसऱ्या गाडीला लावता येत नाही.

घेणं सोपं आहे. राजमार्गयात्रा नावाचं ॲप आहे, त्यात गाडीचा नंबर टाकायचा, मोबाईलवर ओटीपी येतो, यूपीआयनं पैसे भरायचे, दोन तासांच्या आत पास सुरू झाल्याचा मेसेज आला. नवा टॅग चिकटवायची गरज पडली नाही, जो काचेवर होता त्याच्यावरच चालू झाला. सासऱ्यांच्या गाडीला मात्र आठ दिवस लागले. त्यांची गाडी नवी घेतली तेव्हा शोरूमवाल्यानं टॅग चॅसी नंबरवर काढून दिलेला आणि नंतर गाडीचा नंबर त्यात कोणी चढवलाच नव्हता, अशा टॅगवर पास मिळत नाही. त्यांच्या बँकेला (नाव लिहीत नाही) तीनदा आरसी बुक पाठवलं, प्रत्येक वेळी नवा माणूस फोनवर, प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचं. ७४ वर्षांच्या माणसानं एवढं का करावं? तुमच्या घरी कोणाचा तसा टॅग असेल तर आजच बघून घ्या.

ऑक्टोबरात तुमचं वाहन ओळखा म्हणजे केवायव्हीची भानगड आली, काचेवरच्या टॅगचा आणि नंबर प्लेटचा फोटो अपलोड करा, नाहीतर टॅग बंद होईल असे मेसेज. सुरुवातीला बाजूनं पण फोटो मागत होते आणि अपलोड होतच नव्हते, नंतर ते सोपं केलं, समोरचा फोटो पुरे असं झालं. कारण मला पटतं, एका टॅगवर दोन-दोन गाड्या चालवणारे आणि टॅग हातात धरून दाखवणारे लोक आहेतच. पण नियम आधी लागू करायचा आणि लोकांनी बोंब मारली की मग सोपा करायचा, हे उलटं आहे. चार वयस्कर माणसांना समोर बसवून आधी करून बघितलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं.

एकदा एका नाक्यावर पासातली ट्रिप पण गेली आणि टॅगमधले पैसे पण कटले. तक्रार केली, १९ दिवसांनी पैसे परत आले. आले हे महत्त्वाचं. दहा वर्षांपूर्वी खिडकीतल्या पोरानं सुट्टे नाहीत म्हणून पाच रुपयांचं चॉकलेट हातावर ठेवलं की तो विषय तिथंच संपायचा, आता निदान प्रत्येक पैशाची नोंद राहते आणि भांडायला कागद हातात असतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला तेव्हा मी पण चिडलेले, पण आज परत रोख पैशांच्या रांगेत उभं राहा म्हटलं तर नको. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर टॅग चालला नाही तरी यूपीआयनं भरलं तर सव्वापट, रोखीनंच दुप्पट, असं केलं, ते पण बरं झालं, एखाद्याचा टॅग खरंच बिघडलेला असू शकतो.

तर पैसे घेण्याचं काम सुधारलंय. मी त्याला पाचातले साडेचार देते.

आता रस्ता.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, रविवारी रात्री, पाऊस धो धो, मी आणि हे परत येत होतो. पुण्याजवळ आल्यावर सर्व्हिस रोड जिथं मेन हायवेला मिळतो तिथं पाणी साचलेलं, आणि पाण्याखाली खड्डा. पुढचं डावं चाक त्यात गेलं, आवाज असा आला की मला वाटलं इंजिनच तुटून पडलं. टायर फाटला, रिम वाकली. मागं ट्रक येतायत, आमची गाडी अर्धी लेनमध्ये, हॅझर्ड लाइट लावले तरी पावसात कोणाला काय दिसणार. ह्यांनी १०३३ ला फोन लावला. हा राष्ट्रीय महामार्गाचा हेल्पलाइन नंबर, चोवीस तास चालू असतो, सगळ्यांनी फोनमध्ये सेव्ह करून ठेवा, खरंच ठेवा. फोन उचलला, मराठीत बोलले, जवळचा किलोमीटरचा दगड कोणता ते विचारलं. आम्हाला सांगता येईना, अंधारात दगड दिसत नव्हता, मग शेवटी जवळच्या हॉटेलच्या पाटीवरनं सांगितलं. पस्तीस-चाळीस मिनिटांनी पेट्रोलिंगची गाडी आली, मागं कोन लावले, मग क्रेननं गाडी बाजूला घेतली. पैसे मागितले नाहीत. त्यातला एक पोरगा मला म्हणाला, "ताई, तुम्ही गाडीत बसू नका, कठड्याच्या पलीकडं उभं राहा, भिजलात तरी चालेल." तेव्हा मला ते कळलं नाही, नंतर कळलं की थांबलेल्या गाडीला मागनं ठोकतात आणि आतली माणसं जातात. त्या पोराचे मी मनापासून आभार मानते. १०३३ ला चार स्टार, एक कमी केला तो किलोमीटरच्या दगडासाठी, हायवेवर माणूस कुठं उभा आहे हे त्याला अंधारात कळेल अशी पाटी पाहिजे.

पण तो खड्डा? मी ठरवलं की हा खड्डा बुजेपर्यंत सोडायचं नाही. फोटो काढला, तक्रार टाकली. इथून पुढं जे झालं त्यासाठीच एवढं लांबलचक लिहायला बसलेय.

एका ऑफिसनं सांगितलं, तो भाग सर्व्हिस रोडचा आहे, आमच्याकडं येत नाही. दुसऱ्या ऑफिसात गेले, ते म्हणाले सर्व्हिस रोड हायवेचाच भाग, आम्ही त्याला हात लावला तर आमच्यावरच ऑडिट येईल. तिसरीकडं सांगितलं, मॅडम, ते ठेकेदाराकडं आहे, काम झाल्यावर ठरावीक वर्षं दुरुस्ती त्यानंच करायची असते. ठेकेदार कोण? ते वरच्या ऑफिसला विचारा. कोणीही उर्मटपणे बोललं नाही. चहा विचारला एका ठिकाणी. प्रत्येकाजवळ कागद होता आणि प्रत्येकाच्या कागदाप्रमाणं तो खड्डा दुसऱ्याचा होता.

घरी येऊन मी वाचायला लागले की हे असं का आहे. मी अकाउंट्सवाली आहे, रस्त्यातलं मला काही कळत नाही, पण कोणाचे पैसे कोणाकडं जातात हे वाचता येतं. पूर्वी राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे असले तरी बांधायचं, डांबर टाकायचं, खड्डे बुजवायचं काम राज्यांचं बांधकाम खातं करायचं. रस्ता खराब, तर पीडब्ल्यूडीच्या नावानं बोटं मोडायची, एवढं सोपं होतं. १९८८ च्या कायद्यानं राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण झालं, ते प्रत्यक्षात १९९५ साली कामाला लागलं, मग १९९८ ला राष्ट्रीय महामार्ग विकास प्रकल्प आला, सुवर्ण चतुष्कोन, चार महानगरं जोडणारा ५,८४६ किलोमीटरचा. आमचा पुणे–सातारा–कराड रस्ता त्याच मुंबई–चेन्नई बाजूचा. तेव्हा त्याला एनएच फोर म्हणायचे, २०१० ला नंबर बदलून ४८ झाला, पण आमच्या गावात अजून फोरच म्हणतात. त्या चौपदरीकरणाआधीचा रस्ता मला आठवतो, खंबाटकीच्या घाटात एक ट्रक बंद पडला की एसटी तीन-तीन तास उभी. चौपदरीकरणानंतर साताऱ्याकडं जाताना घाट आणि पुण्याकडं येताना बोगदा, अशा वेगवेगळ्या वाटा झाल्या. त्यामुळं सुधारणांनी काहीच झालं नाही असं मी म्हणणारच नाही, रस्ता झाला, आणि मोठा झाला.

पण हे पैसे आले कुठून? पेट्रोल-डिझेलवर रस्त्याचा सेस, २००० सालच्या कायद्यानं. त्यानं भागेना म्हणून खासगी कंपन्या. बीओटी म्हणजे कंपनीनं पैसे घालून बांधायचं, टोल घेऊन वसूल करायचं, आणि तोपर्यंत रस्ता सांभाळायचा. मग कंपन्या बुडायला लागल्या, बँका कर्ज देईनात, तेव्हा २०१६ ला हॅम आलं, बांधकामाचे ४० टक्के सरकार बांधतानाच देतं, उरलेले ६० टक्के कंपनी घालते आणि सरकार तिला पुढं वर्षानुवर्षं हप्त्यानं फेडतं. काही ठिकाणी ईपीसी, म्हणजे सगळे पैसे सरकारचे आणि ठेकेदारानं फक्त बांधून द्यायचं आणि काही वर्षांची हमी. आणि टीओटी, बांधून झालेला रस्ताच लांब मुदतीनं चालवायला द्यायचा आणि एकरकमी पैसे घ्यायचे, त्यातला पहिला गठ्ठा २०१८ ला ९,६८१ कोटींना गेला. हे का केलं तर प्राधिकरणावरचं कर्ज वाढत चाललेलं, मार्च २०२२ च्या शेवटी ते सुमारे ३.४८ लाख कोटींवर गेलं, ते कुठून तरी फेडायचं होतं. हिशोब म्हणून मला यातलं प्रत्येक पाऊल समजतं.

अडचण अशी की यातल्या प्रत्येक पद्धतीत खड्डा बुजवणारा माणूस वेगळा. बीओटीत कंपनी, ईपीसीत हमी संपेपर्यंत ठेकेदार आणि नंतर प्राधिकरण, टीओटीत ज्यानं चालवायला घेतला तो. आणि आपण एका दमात पुण्याहून कोल्हापूरला जातो तेव्हा यातल्या दोन-तीन पद्धती ओलांडून जातो, वरनं सगळा एकच काळा रस्ता दिसतो. साताऱ्याच्या पुढं आता सहापदरीचं काम चालू आहे, तिथं डायव्हर्जन आहेत, धूळ आहे, रात्री पांढरे पट्टे दिसत नाहीत, तो वेगळा करार. साताऱ्याच्या अलीकडं देहूरोड–सातारा १४० किलोमीटर, त्याचं सहापदरीचं काम २०१० ला सुरू झालं आणि २०१३ ला संपायचं होतं, ते किती वर्षं रेंगाळलं हे ह्या वाटेनं जाणाऱ्या कोणालाही विचारा, तो आणखी वेगळा करार. आणि सहापदरी होत असताना आधीच्या चौपदरीचा टोल चालू राहिला, करारातच तसं होतं. ह्याच गोष्टीवर पुण्या-साताऱ्यात एवढी आंदोलनं झाली, लोकांना रस्त्याला पैसे द्यायला नको होते असं नाही, झालेल्या रस्त्याला द्यायचे होते.

टोलचे दर कसे वाढतात तेही बघितलं. २००८ च्या नियमांप्रमाणं दर १ एप्रिलला ३ टक्के ठरलेली वाढ, शिवाय घाऊक महागाई जेवढी वाढली त्याच्या ४० टक्के. या सूत्रात रस्त्याची अवस्था कुठंच नाही. पावसाळ्यात चाळण झाली तरी एप्रिलमध्ये तेवढेच वाढणार. ठेकेदाराला दंड वगैरे करारात असतो, पण तो त्यांच्या त्यांच्यात, माझ्या ९० रुपयांतले दोन रुपये कमी होत नाहीत.

म्हणूनच केरळचं प्रकरण मला फार महत्त्वाचं वाटतं. त्रिशूरजवळ पालियेक्करा टोलनाका आहे, तिथं कामामुळं रस्त्याची एवढी वाट लागलेली की केरळ उच्च न्यायालयानं ६ ऑगस्ट २०२५ ला चार आठवडे टोलच थांबवला. प्राधिकरण सुप्रीम कोर्टात गेलं, तिथंही त्याच महिन्यात दिलासा मिळाला नाही. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, आपल्या अमरावतीचे, त्यांनी विचारलं की एवढ्या रस्त्याला १२ तास लागत असतील तर माणसानं १५० रुपये का द्यायचे. मी ही बातमी आईला वाचून दाखवली. आई सातवी शिकलेली, ती म्हणाली, "आगं मग बरोबरच हाय की. दूध नासलेलं दिलं तर आपण पैसं देतो का?" मला वाटतं एवढंच लिहून नियमात घातलं पाहिजे, कोर्टात न जाता आपोआप लागू होईल असं. २०२१ मध्ये एक सूचना होती की नाक्यावर १०० मीटरच्या पुढं रांग गेली तर गाड्या टोल न घेता सोडायच्या, पिवळी रेघ पण मारलेली होती रस्त्यावर. ती सूचनासुद्धा २०२४ ला मागं घेतली. म्हणजे गाडीवाल्याच्या बाजूचा जो एक नियम होता तोच गेला.

आणि खड्डा म्हणजे फक्त टायर नाही हो. मी राहते वारज्यात, दर शनिवार-रविवार नवले पुलाच्या उतारावरनं जाते. नवीन कात्रज बोगद्यापासून नवले पुलापर्यंत सरळ लांब उतार आहे, अवजड ट्रक भरधाव येतात, काही ड्रायव्हर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकतात आणि ब्रेक तापून निकामी होतात. २० नोव्हेंबर २०२२ ला एका टँकरनं ४८ गाड्यांना धडक दिलेली. त्यानंतर रंबलर म्हणजे गाडी हळू करायला लावणारे उंच पट्टे, बोर्ड, स्पीडची मर्यादा सगळं झालं. आणि १३ नोव्हेंबर २०२५ ला परत, दोन अवजड गाड्यांच्या मध्ये कार चेपली, आग लागली, आठ माणसं गेली. तो गुरुवार होता. शनिवारी पहाटे आम्ही तिथनं गेलो तेव्हा ह्यांनी गाडी एकदम हळू केली आणि आम्ही दोघंही बोगदा ओलांडेपर्यंत काही बोललो नाही. तिथं रस्ता प्राधिकरणाचा, वाहतूक पोलिसांची, आजूबाजूच्या इमारती आणि त्यांचे रस्ते महापालिकेचे, गावांकडच्या बाजूला परत पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. उतार मात्र एकच आहे. रस्त्याची आखणीच बदलायची असेल तर ह्या सगळ्यांनी एका टेबलावर बसावं लागतं, आणि तेच सगळ्यात उशिरा होतं.

बसले तर होतं, हे चांदणी चौकात दिसलंच की. तिथं जमीन ताब्यात द्यायचं महापालिकेकडं आणि बांधायचं प्राधिकरणाकडं, वर्षानुवर्षं अडलेलं काम. मग २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर जुना पूल पाडला आणि १२ ऑगस्ट २०२३ ला नव्या चौकाचं उद्घाटन झालं. आता तिथं पहिल्यांदा जाणारा माणूस कुठली लेन धरायची ह्यात गोंधळतो ते खरं आहे, पण मुळशीकडनं येणाऱ्याला जो एक-एक तास लागायचा तो वाचला. मी दर आठवड्याला बघते म्हणून सांगतेय.

एक गोष्ट बायकांसाठी मुद्दाम लिहिते. डिसेंबरात आईला तपासणीला पुण्याला आणलं, वॉकर घेऊन. तीन तासांच्या वाटेत तिला दोनदा तरी जावं लागतं. एका नाक्याजवळच्या स्वच्छतागृहाला पायरी एवढी उंच की तिला चढताच येईना, आत नळाला पाणी नाही, कडी तुटलेली, मी बाहेरनं दार धरून उभी. ऑक्टोबरात एक योजना होती, नाक्यावरच्या घाण स्वच्छतागृहाचा फोटो राजमार्गयात्रा ॲपवर पाठवायचा, खरं निघालं तर फास्टॅगमध्ये १००० रुपयांचा रिचार्ज. मी तेव्हा एका ठिकाणचा पाठवलेला, रिचार्ज आला, आणि पुढच्या शनिवारी ते ठिकाण खरंच धुतलेलं होतं, साबण ठेवलेला. योजना ३१ ऑक्टोबरपर्यंतच होती. नोव्हेंबरात तिथं परत तेच. बक्षीस नका देऊ, मला हजार रुपये नकोत, पण तो फोटो पाठवायची सोय आणि चोवीस तासांत कोणीतरी येऊन धुवायची जबाबदारी बाराही महिने ठेवा. गुडघे-खुबे दुखणाऱ्या बायका ह्या रस्त्यावरनं पाणी न पिता प्रवास करतात, हे मी आमच्या गावातल्या दहा जणींचं नाव घेऊन सांगू शकते.

ऑक्टोबर २०२५ लाच आणखी एक जाहीर झालं, महामार्गावर क्यूआर कोडचे बोर्ड लावायचे, नाक्याजवळ, ट्रक थांबतात तिथं, रस्त्याच्या सुरुवातीला आणि शेवटाला. स्कॅन केलं की हा रस्ता कुठल्या प्रकल्पात आहे, पेट्रोलिंगचा नंबर, टोल मॅनेजर, प्रोजेक्ट मॅनेजर, इंजिनिअर कोण, हे दिसणार. मला ही पासापेक्षा मोठी सुधारणा वाटते. माझे तीन ऑफिसांचे तीन हेलपाटे, दोन अर्ध्या रजा, सगळं त्या एका बोर्डानं वाचलं असतं. फक्त तो बोर्ड सर्व्हिस रोड जिथं मिळतो तिथंही लावा, कारण भांडण तिथंच असतं. आणि हमी कुठल्या तारखेपर्यंत आहे ते पण लिहा, नुसते फोन नंबर नकोत.

खड्ड्याचं काय झालं ते सांगते. शेवटी मी माहिती अधिकारात अर्ज टाकला, १० रुपये फी, ऑनलाइन भरता येते. पहिल्यांदा मी दोन पानं लिहिलेली, आमच्या सोसायटीतल्या निवृत्त इंजिनिअर काकांनी ती बाजूला ठेवली आणि म्हणाले, "तक्रार लिहू नकोस, फक्त कागद माग." मग चारच गोष्टी मागितल्या. ह्या ठिकाणी (अक्षांश-रेखांश दिला) रस्त्याची हद्द दाखवणारा नकाशा. दुरुस्तीची जबाबदारी कोणाची त्या कराराच्या पानाची प्रत. हमीची मुदत कधी संपते ती तारीख. मागच्या दोन पावसाळ्यांत इथं केलेल्या दुरुस्तीच्या नोंदी. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, २७ व्या दिवशी आलं. नकाशात तो खड्डा सरळसरळ हायवेच्या हद्दीत, आणि हमी अजून चालू. तो कागद जोडून परत तक्रार टाकली आणि अकरा दिवसांनी तिथं पॅच मारला. आधीच्या तीन तक्रारींना अडीच महिने गेले होते.

पॅच डांबराचा आहे आणि पाणी साचायची जागा तशीच आहे, बाजूची गटार बुजलेली आहे, त्यामुळं जूनमध्ये तो परत उखडणार हे मला दिसतंय. गटारीसाठी दुसरा अर्ज गेल्या सोमवारी टाकलाय. रस्त्याच्या देखभालीला मी आत्ता दोन स्टार देते, त्यातला एक त्या रात्रीच्या पेट्रोलिंगवाल्या पोरांचा.

ज्यांना अर्जाचा मजकूर पाहिजे त्यांनी खाली लिहा, तसाच्या तसा टाकते, फक्त ठिकाण बदलायचं. माझ्या ५६ ट्रिप उरल्यात, म्हणजे नऊ चकरा आणि वर दोन. आईचा वॉकर तोपर्यंत सुटेल असं डॉक्टर म्हणतायत. गटारीचं उत्तर आलं की इथंच लिहीन.